रुळाकाठचा बाबा

आमच्या राजापुरात माझं फोटोचं दुकान आहे. वर्षभर मी नवरानवरीचे, मुंजीतल्या मुलांचे आणि रडक्या बाळांचे फोटो काढतो. "हसा", "हसू नका", "मान जरा इकडे" असं सांगून सांगून घसा बसतो, आणि थंडी सुरू झाली की माणसांचा अगदी वीट येतो. मग आठवडाभर दुकानाला कुलूप लावून मी अशा वस्तूंचे फोटो काढायला निघतो, ज्यांना काही सांगावं लागत नाही. पडके बुरूज, बुजलेल्या विहिरी, गंजलेले रूळ. बायको म्हणते, "लोक तीर्थयात्रेला जातात आणि तुम्ही उकिरडे धुंडायला." तिचं अगदीच खोटं नसतं.

या वर्षी चिंचवडला गेलो तो अण्णामुळे. अण्णा माझा मावसभाऊ, चिंचवड स्टेशनावर नोकरीला. एका लग्नात भेटला तेव्हा म्हणाला, "पुढची थंडी आमच्याकडे काढ. पिंपरीपासून इकडे कारखान्यांसाठी जमिनी घेतायत. उशीर केलास तर तुला फोटो काढायला नुसती धुराडी उरतील." एवढं कारण मला पुरे होतं.

माझ्या कॅमेऱ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याच्यामुळे झाला. हल्लीची हौशी मंडळी रोलचे छोटे कॅमेरे गळ्यात अडकवून हिंडतात. माझा गळ्यात अडकवला तर मान मोडेल. लाकडी पेटी, तीन पायांची घोडी, काचेच्या प्लेटा आणि डोक्यावर घ्यायचं काळं कापड. मागच्या घासलेल्या काचेवर समोरचं सगळं उलटं दिसतं, पाय वर आणि डोकं खाली. सवय झाली की त्याचं काही वाटत नाही.

चिंचवड स्टेशन

आमच्या कोकणात अजून रेल्वे नाही. त्यामुळे रुळाच्या आसपासची कुठलीही वस्तू मला देवळातल्यासारखी वाटते. अण्णा याला हसतो. त्याच्या दृष्टीने रेल्वे म्हणजे रात्रपाळी आणि वरच्या साहेबाची बोलणी.

या मार्गावर विजेच्या गाड्या सुरू होऊन बरीच वर्षं झाली. तरी स्टेशनाच्या एका टोकाला, इंजिनांना पाणी पाजायचा जुना लोखंडी खांब अजून उभा आहे. वरती आडवी सोंड, सोंडेला फाटका कातडी पाइप. आता कोणी पाणी प्यायला येत नाही म्हणून रुळांचे सांधे बदलणाऱ्या सखाराम नावाच्या पॉइंट्समनने त्या सोंडेवर आपलं धोतर वाळत घातलं होतं. मी त्याला विनंती केली की बाबा रे, धोतर तेवढं काढ.

"काढतो की," तो म्हणाला, "पर मग फोटूत मीबी."

मी नको म्हणायच्या आत तो "डिरेस घालून येतो" म्हणून पळाला. पितळी बटणांचा कोट आणि टोपी घालून, हातात हिरवं निशाण घेऊन तो परत येईपर्यंत खांबावरचं सोनेरी ऊन उतरून गेलं होतं. तो खांबापुढे असा छाती काढून उभा राहिला की खांब दिसेना. मी दात-ओठ खात फोटो काढला. अण्णाच्या घरी वहिनींनी रात्री माझ्यासाठी मुद्दाम भात आणि कुळथाचं पिठलं केलं, तेव्हा कुठे राग शांत झाला.

चाकण

चाकणला कसा पोचलो ते सांगत बसत नाही. एस.टी.त धूळ होती, एवढं पुरे.

आमच्याकडचे किल्ले एक तर समुद्रात नाही तर डोंगराच्या माथ्यावर. चाकणचा भुईकोट सपाट जमिनीवर, गावाच्या कुशीत बसलेला. शेजारच्या घरी जावं तसं आपण किल्ल्यात जातो. एके काळी इथे तोफा डागल्या गेल्या, सुरुंग लागले, माणसं तटावर हटून राहिली. आता ढासळलेल्या तटाच्या आडोशाला कडब्याची गंज आणि खंदकात कुणाचं तरी कांद्याचं रोप. बुरुजाच्या पायथ्याशी एक म्हैस बांधली होती. मी घोडी मांडू लागलो तसा म्हशीचा म्हातारा मालक म्हणाला, "फोटू काढा, पर म्हशीला दचकवू नगा. पान्हा चोरंल."

मग मी चोरपावलांनी फोटो काढला. त्याने बसवून घेऊन गुळाचा चहा पाजला, आणि किल्ल्यात काय बघण्यासारखं आहे म्हणून मला खोदून खोदून विचारलं. मी सांगत गेलो, तो मान डोलवत गेला. शेवटी म्हणाला, "माती चांगली हाय खंदकातली, ह्ये खरं."

इथे माझ्या हातून एक गाढवपणा झाला, तो राजापुरात प्लेटा धुताना कळला. आदल्या दिवशीचीच प्लेट मी पुन्हा वापरली होती. त्यामुळे चाकणच्या बुरुजावर कोट-टोपीतला सखाराम छातीठोकपणे उभा आहे, हातात निशाण घेऊन, जणू किल्ला त्यानेच लढवला. आधी डोक्याला हात लावला, मग इतका हसलो की बायको बाहेर आली. तो फोटो मी टाकून दिलेला नाही.

रुळाच्या कडेने

तिसऱ्या दिवशी रुळाच्या कडेने आकुर्डीच्या बाजूला चालत निघालो. तिकडे जुन्या फाटकवाल्याची काळ्या दगडांची एक ओसाड झोपडी आहे, असं अण्णाने सांगितलं होतं. झोपडी छान निघाली. छपराच्या जागी कडुलिंब उगवला होता आणि आसपास माणूस नव्हता. मनासारखे दोन फोटो मिळाले.

परतताना शेजारच्या शेतात काही तरी लाल दिसलं. ज्वारी डोक्याइतकी उभी होती. तिच्या मधोमध थोडी मोकळी जागा, तिथे एक बाभूळ आणि बाभळीखाली कमरेइतका उंच, शेंदराने माखलेला दगड. शेंदराचे थरावर थर चढून त्याला काही आकारच उरला नव्हता. असे दगड म्हणजे माझा जीव की प्राण. मी घाईघाईने घोडी मांडली.

"ए मोजनीवाल्या!" पाठीमागून आवाज आला. "तीनदा मोजलं की रं! आता काय आमची हाडं मोजतो का?"

साठीच्या घरातला एक उंच माणूस काठी उगारून ज्वारीतून येत होता. मीही काही कमी तापट नाही. म्हटलं, "मोजणीवाला कोण? डोळे आहेत की गोट्या?" तो आणखी भडकला. दोघांची चांगलीच जुंपली असती, पण बांधावरून एक बाई मोठ्याने हसली.

"अवो, त्यो फोटूवाला हाय. मोजनीवाल्याकडं काळं फडकं असतंय व्हय?"

काठी खाली आली. तीन पायांवर काही उभं केलं की ते जमीन नेणारं यंत्रच, अशी या भागातल्या शेतकऱ्यांची आता खात्री झाली आहे, आणि त्यात त्यांची चूक नाही. भिकोबा त्यांचं नाव. चूक कळल्यावर ते इतके ओशाळले की जेवल्याशिवाय सोडेनात. बांधावरची बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, गोजराबाई.

बाजरीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, लसणाची चटणी आणि गार ताक. भाकरी खायची ती पापुद्रा उचकटून, आत चटणी भरून. आम्ही कोकणी माणसं भाकरी नुसती मोडून आमटीत बुडवतो, आणि या चवीला जन्मभर मुकतो. ताटावरच सगळी हकिगत कळली. शेत एका कारखान्याला गेलं होतं. ज्वारी निघेपर्यंत मुदत होती, पुढे नवराबायको पिंपरीत भाड्याच्या खोलीत जाणार होते.

"आनी बाबा जानार मोशीला," भिकोबा म्हणाले. "माझ्या चुलतभावाच्या मळ्यात. हरिभाऊनं चौथरा बांधलाय."

शेंदराचा दगड म्हणजे बाबा. त्यांचा मूळपुरुष, लढाईत पडलेला. दर अमावास्येला तेल-शेंदूर, वर्षातून एकदा कोंबडं. आणि बाबा कडक, बाईमाणसाची सावली त्यांना चालत नाही. घरातली बाई बांधाच्या अलीकडे थांबणार, नैवेद्य करून देणार, आणि पुरुष तो नेऊन ठेवणार. आमच्याकडेही गावदेवाच्या गाभाऱ्यात बायका जात नाहीत, पण निदान उंबऱ्यापाशी उभं राहून गाऱ्हाणं घालता येतं. इथे मधे अख्खं ज्वारीचं शेत.

गोजराबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "लगीन होऊन आले तवापास्नं नैवेद मीच करती, दादा. पर त्यो कसा दिसतो ते मला ठावं न्हाई. लांबनं तांबडं दिसतंय, तेवढंच."

"मोशी काय लांब आहे?" मी म्हटलं. "अधूनमधून जाऊन दुरून दर्शन घ्या."

"मोशी लांब न्हाई. पर हितं मला माझा बांध हाय. हरिभाऊच्या मळ्यात मी कुटं हुबी ऱ्हाऊ?" हातातली भाकरी तव्यावर पडली. "आईतवारी बाबा गेला की गेला. आता तुमी आला, तर फोटू तरी काढून द्या. फोटू जवळनं बगिन."

भिकोबांपुढे मोठाच पेच पडला. बाबाचा फोटो बाईने जवळून बघितलेला चालतो का? ते बराच वेळ दाढी खाजवत बसले. "फोटूला सावली लागत न्हाई," असा शेवटी निवाडा झाला. मला त्या क्षणी ते फार आवडले.

मी घोडी बांधावर नेऊन मांडली. ज्वारीची मधली चार ताटं भिकोबांनी स्वतःच वाकवून धरली. फोटोआधी मी गोजराबाईंना काळ्या कापडाखाली बघायला लावलं. त्या कितीतरी वेळ बाहेर आल्या नाहीत.

"उलटा दिसतोय की वो!" कापडाखालून आवाज आला.

"सगळंच उलटं दिसतं, बाई."

"ऱ्हाऊ द्या. दिसतोय न्हवं."

आणि मग मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट आठवली आणि तोंडची चव गेली. माझ्या प्लेटांवर लाल रंग काळा उमटतो. शेंदराने माखलेला दगड फोटोत म्हणजे कोळशाचा ढीग. बाईला खोटं सांगवेना. ऐकून त्या म्हणाल्या, "म्हंजी फोटूतबी त्यो न्हाईच दिसायचा," आणि जेवणाची ताटं उचलून विहिरीकडे गेल्या. मला वाईट वाटलं. शुक्रवारी परत निघायचं ठरलं होतं, ते मी रविवारनंतर ढकललं. रविवारी त्या शेतात जाऊन काय करणार होतो, ते मला सांगता आलं नसतं.

रविवार

सकाळी पोचलो तेव्हा भावकी जमली होती. पाच-सहा पुरुष, पहारी, दोर, कडब्याची गादी घातलेली बैलगाडी. हरिभाऊ म्हणजे मोठा पटका, मोठ्या मिशा आणि मोठा आवाज. मोशीत बाबाची जत्रा भरवायची, असे त्यांचे बेत चालले होते. गोजराबाई बांधावर उभ्या होत्या. नैवेद्य त्यांनी आधीच दिला होता. बाबाच्या पाटीतलं वाटीभर कुंकू, गुलाल, उदबत्त्या, सगळं पुरुषांकडे होतं. त्यांच्या हातात काहीच नव्हतं, त्यामुळे त्या पदराचं टोक पिळत होत्या.

नारळ फुटला. पहारी लागल्या. दगड वर दिसत होता त्याहून जास्त जमिनीत होता. ओढून, रेटून, एकमेकांना शिव्या देऊन तो हलला, एका अंगावर कलला, आणि कडकन आवाज झाला. दोन बोटं जाडीचं शेंदराचं कवच वरपासून खालपर्यंत तडकलं आणि अख्खंच्या अख्खं गळून मातीत पडलं.

सगळ्यांनी हात जोडले. देवाने स्वतःहून कवच टाकणं हा शुभशकुन. ते नदीत सोडायचं आणि देवाला पुन्हा नवा शेंदूर चढवायचा, अशी रीत आहे. आमच्याकडेही मारुतीने कवच टाकलं की वाजतगाजत खाडीवर नेतात. पण जोडलेले हात तसेच राहिले, म्हणून मी पुढे झालो.

काळ्या दगडावर वरती चंद्र-सूर्य होते. खाली घोडा नाही, तलवार नाही, लढणारा वीर नाही. फक्त एक हात. कोपरात काटकोनात वळलेला, पंजा वर केलेला.

"कडं हाय हातात," हरिभाऊ लगेच म्हणाले. "शिपायाचं कडं."

"एवढी कडी?" कुणी तरी पुटपुटलं.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. "फोटूवालं," भिकोबा म्हणाले, "तुमी लई दगड बगितल्यात. सांगा, काय हाय ह्ये?"

असे हात मी बरेच बघितले आहेत. घाटावर आणि घाटाखाली, देवळांच्या मागे, नदीकाठी. 'कडं' म्हटलं असतं तर बाबा सुखाने मोशीला गेला असता आणि मी पाहुणा म्हणून पुन्हा भाकरी खाल्ली असती. पण बांधावरून ती बाई बघत होती.

"बांगड्या आहेत," मी म्हटलं. "हा सतीचा दगड. तुमच्या घराण्यातली कोणी तरी बाई नवऱ्यामागे चितेवर गेली. तिचा हा हात."

हरिभाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हंजे वाडवडलांनी बाईपुढं कोंबडी कापली?" मग एकदम आवाज खाली आणून, "शेंदूर आना. तेल आना. लिंपून टाका पटदिशी. कोनी बघितलं न्हाई, कोनी बोलायचं न्हाई."

एक जण खरोखरच शेंदराची पुडी सोडू लागला. भिकोबा तिथेच ढेकळावर बसले होते. त्यांनी हात आडवा केला. उठले, धोतराची माती झटकली, आणि ज्वारीतून सरळ बांधाकडे चालत गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. बाई मान हलवून नको नको म्हणताना दिसल्या. भिकोबा मोठ्याने म्हणाले, "अगं, बाईमानूस हाय ती! चल!"

गोजराबाई आल्या. बांध ओलांडताना त्यांनी खाली वाकून मातीला हात लावला. वाटेत ज्वारीचं एक कणीस खुडलं. पुरुष बाजूला झाले. त्या दगडापुढे बसल्या आणि आधी कितीतरी वेळ नुसत्याच बघत राहिल्या. मग एकेका बांगडीवरून बोट फिरवलं, कासारणीकडची बांगडी पारखून बघतात तसं. पाटीतलं कुंकू कोणी तरी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. आपल्या कपाळाचं बोटावर घेऊन त्या दगडाला लावलं. कणीस आणि फुटलेल्या नारळाची कवड ठेवून ओटी भरली.

"बाई गं," त्या म्हणाल्या, "आदी जाळली, मग गाडली, आन् वर बाबा म्हनून बशीवली. माझ्या हातचं जेवत व्हतीस, पर तुला तरी कुटं ठावं व्हतं मी कोन ते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते काळ्या कापडात पुसलं, तेवढाच त्या कापडाचा त्या दिवशी उपयोग. फोटो काढला, पण त्यांनी दगडावरचा हात काढला नाही आणि मलाही काढा म्हणवेना. काळा दगड स्वच्छ उमटला आहे, त्यांचा हात हललेला आहे. एक प्रत मी पिंपरीला पाठवली.

पुढचा प्रश्न हरिभाऊंनीच सोडवला. "माझ्या मळ्यात बाई न्हाई ठेवनार," ते म्हणाले. "गावाला काय सांगू?" पण हरिभाऊ बाबाला सोडायलाही तयार नव्हते. शेंदराचं ते कवच त्यांनी आपला पटका सोडून त्यात गुंडाळलं, डोक्यावर घेतलं आणि मोशीला इंद्रायणीत सोडायला घेऊन गेले, मागे भावकी. बाबा ठरल्याप्रमाणे मोशीला गेला, असं म्हणायला हरकत नाही.

"मग हिला कुटं न्यायची?" गाडीवाल्याने विचारलं.

"पिंपरीला," गोजराबाई म्हणाल्या.

"खोलीत?" भिकोबांनी विचारलं.

"खोलीला दार असंल की न्हाई? दारात बसंल."

भिकोबांनी गाडीतला कडबा सारखा केला. ते, गोजराबाई, गाडीवाला आणि मी, अशा चौघांनी मिळून दगड कडब्यावर आडवा केला. भिकोबा बैलांच्या पुढे चालू लागले. मी घोडी खांद्यावर टाकून रेल्वेच्या फाटकापर्यंत मागून चाललो, कारण तिथून माझी वाट वेगळी होत होती. गोजराबाई गाडीत दगडाजवळ बसल्या होत्या, गचके बसू नयेत म्हणून त्याला धरून. फाटकावर विजेची गाडी जायची होती म्हणून बैल थांबले, तेव्हा मला त्यांचं बोलणं ऐकू आलं. माझ्याशी नव्हतं ते, भिकोबांशीही नव्हतं.

"आता कोंबडं बंद," त्या दगडाला सांगत होत्या. "पुरनपोळी करू का? का साधी भाकरी-भाजी चालंल? न्हाई, तूच सांग. तुला काय आवडतं, ते कुनी इचारलंच न्हाई."